आडनाव

पहिल्या रात्री तीन तुरुंगांना फोन केले.
कुठेच नव्हता नेल्टन.
चौथ्या ठिकाणची बाई म्हणाली,
या नावाचा माणूस आमच्याकडे नाही.
तिचा चमचा कपात फिरत होता,
तेवढं मात्र नीट ऐकू आलं.

लांग्रिन. आमचं आडनाव.
बेटावर ते फारसं कुणी लिहिलं नाही,
हाकेपुरतं पुरायचं.
इथे स्प्रिंगडेलला, कोंबड्यांच्या कारखान्यात,
दर कार्डावर ते वेगळं.
कुणी मधलं अक्षर गाळतो, कुणी शेवटी एक चिकटवतो.
पगार मिळतो, मग भांडायचं कशाला?

रात्रपाळीत पंखांची हाडं काढताना
मी मनात अक्षरं उलटीपालटी करायचे,
आणि सुट्टी झाली की हातमोजा दातांनी ओढून
फोनवर टाकून बघायचे.
लाँग्रीन. लांगेरिन. लांग्रेन.
एकोणिसाव्या खेपेला लँगरिन,
आणि तो आला.
एक डोळा सुजलेला. उंची, वजन.
खाली आठ आकडे.
मी ओरडले. शेजारची विचारते, काय झालं?
सापडला, म्हटलं, तुरुंगात आहे!
असं हसत हसत
कुणी सांगतं का?

खिडकीमागचा माणूस समजूतदार होता.
नाव दुरुस्त होईल, म्हणाला, कोर्टाचा कागद आणा.
पण मग खातं नवं, भेटीची यादी नवी,
दोन महिने धरून चाला.
राहू दे, म्हटलं.

तेव्हापासून दर रविवारी
मी एका लँगरिनला पत्र लिहिते.
पांढरा कागद, निळी शाई, वास नको, डाग नको.
लिबोननं बापासाठी काढलेलं चित्र परत आलं,
रंगीत खडू चालत नाहीत.
तिनं पेन्सिलीनं तेच पुन्हा काढलं
आणि बाणांनी लिहिलं:
हे निळं आहे. हे पण निळं, पण जास्त.
हा कुत्रा खरा लाल नाही, मी लाल केला होता.

फोन पंधरा मिनिटांचा.
आधी यंत्र बोलतं:
तुम्हाला एका कैद्याचा कॉल आला आहे, त्याचं नाव...
आणि तिथे दोन सेकंद मोकळी जागा.
तिथे त्यानं नाव सांगायचं.
पैसे संपले असले की तो नाव सांगत नाही.
दात बरा आहे, म्हणतो.
किंवा: पत्र मिळालं.
किंवा नुसतंच: लाल कुत्रा.
मी कॉल घेत नाही, कट करते.
निरोप फुकटात पोचतो.

मार्चमध्ये पत्र परत आलं.
शिक्का: येथे नाही.
अकरा दिवस.
लँगरिन टाकलं. लाँग्रीन, लांगेरिन,
सगळे एकोणीस पुन्हा, मग आणखी वीस.
आठ आकडेही इथलेच होते,
दुसरीकडे त्यांना कोण विचारतो?
इस्पितळांना फोन केले.
एका ठिकाणी, ज्याचं नाव मला घ्यायचं नाही, तिथेही केला.
चर्चच्या बायका भात घेऊन आल्या
आणि दारातच हळू बोलू लागल्या.

लिबोन भात खात होती.
म्हणाली, आत्या, आपलं खरं टाकलंस का?

नव्हतं टाकलं.
वर्षभरात सुचलंच नव्हतं.

ओक्लाहोमा. चारशे मैल.
लांग्रिन, नेल्टन.
एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.
तिथल्या कुठल्या तरी कारकुनानं
मान वर करून त्याला विचारलं असणार,
कसं लिहितोस रे?
आणि तो सांगेल तसं लिहिलं असणार.
त्या माणसाचं भलं होवो.
माझे अकरा दिवस त्यानंच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.
यंत्र म्हणालं, त्याचं नाव...
मी कान लावला. दात? पत्र?
तो सावकाश म्हणाला,
नेल्टन लांग्रिन.
सबंध. जसं आजोबा पडावावरून हाक मारायचे.

नव्या खात्यात एक पैसाही नव्हता.
मी फोन कट केला.