सत्र संपले आहे

रात्रपाळीला मी एकटा असतो.
पाच कॉलेजं, दोन विद्यापीठं,
सगळ्यांचा मिळून एक सर्व्हर,
आणि त्याच्या राखणीला मी, एक हीटर,
दिवसपाळीत कुणीतरी विसरलेली अर्धी बिस्किटं.

इथं माणसं दिसत नाहीत, वेळा दिसतात.
२:४०. बॅरा बेट. नर्सिंग, दुसरं वर्ष.
३:१५. समुद्रातल्या तेलविहिरीवरचा कुणी वेल्डर,
इतिहास वाचतो,
तीन आठवडे झाले, तेच पान.
४:१०. मर्डिना मॅकॉली, वय एकसष्ट,
लुइस बेटाचं वायव्य टोक,
जिथून पुढं नुसतं पाणी.
विषय: सागरी जीवशास्त्र.

हे सगळं जुळायला चार वर्षं गेली म्हणतात.
इथं मिळवलेले गुण तिथं चालेनात,
एका गावचं नाणं दुसऱ्या गावच्या वाण्यानं
दाताखाली धरून बघावं, तसं.
मग भांडण प्रमाणपत्राचं: कुणाचं नाव वर?
एक विद्यापीठ म्हणे, आम्ही जुने.
दुसरं म्हणे, आम्ही मोठे.
सगळ्यात धाकट्या कॉलेजच्या इशबेल मॉरिसन
तीन बैठका गप्प बसून मोजा विणत होत्या.
चौथीत सुई न थांबवता म्हणाल्या,
"फेरीबोट ज्या क्रमानं थांबते, त्या क्रमानं लिहा.
बोटीला मानपान नसतो."
तसंच छापलं.
धाकटं कॉलेज पहिलं आलं,
हे छापून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं.

मार्चमध्ये मर्डिनाबाईंचा फोन.
मागं वारा, की मेंढ्या, कळेना.
"मेंढी अडली होती. पिल्लू आडवं.
कोपरापर्यंत हात आत घालून फिरवलं, तेव्हा सुटली.
हात धुऊन परत बसले, तर तुझा पडदा म्हणतो,
सत्र संपले आहे.
चौदा प्रश्न सोडवले होते मी.
हे बघ बाळा,
माझं सत्र एकोणऐंशी साली संपलंय,
सोळाव्या वर्षी, मासळीच्या कारखान्याच्या दारात.
ते तुम्ही सात जणांनी मिळून पुन्हा चालू केलंत.
आता वीस मिनिटांत बंद करता?"

वीसचे नव्वद करणं
म्हणजे माझ्यासाठी एक आकडा बदलणं.
पण त्या आकड्याचे मालक सात.
अर्ज पाठवला.
सहांनी होकार दिला, त्यातल्या दोघांनी न वाचता.
सातव्यानं विचारलं:
मेंढीचं बाळंतपण हा नियमात बसणारा अपवाद आहे का?
कुठल्या कलमाखाली?
इशबेलबाईंनी सगळ्यांना एका ओळीचं उत्तर धाडलं:
"ज्यांनी आपल्या पोरांच्या परीक्षा
मेंढ्या विकून दिल्या,
त्यांच्या परीक्षेत मेंढी येणारच."
संध्याकाळपर्यंत सातवी सही आली.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: कोकरं.
ते अजून तसंच आहे. कुणी खोडलं नाही.

काल ४:१० ला त्या आल्या.
पंधरावा प्रश्न उघडला,
समुद्रतळाशी उजेड नसताना कोण कसं जगतं, असा काहीसा.
४:२२ नंतर हालचाल नाही.
मी चहा केला. तो निवला.
३:१५ वाला वेल्डर, चक्क, पुढच्या पानावर गेला.
४:५०. काही नाही.
मला मेंढ्यांतलं ओ की ठो कळत नाही.
तरी खुर्ची ओढून
त्या एका ओळीसमोर बसलो,
दवाखान्याच्या बाहेर बसतात तसा.

५:१८ ला उत्तर आलं.
चुकीचं होतं.
खाली, शिक्षकांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत,
एकच शब्द:
जुळी.