बेचिराख

ताहराबाद सोडलं की रस्ता डाळिंबांच्या कुंपणांमधून जातो,
मग कुंपणं संपतात, रस्ताही संपतो.
माझ्याकडे फेरमोजणीचा हुकूम, एक रोव्हर, दोन झेंड्या
आणि जुन्या नकाशाची झेरॉक्स, जिच्यावर
मोडीतून बाळबोधीत आणलेला एकच शेरा:
मौजे कुवरगड. बेचिराख.

चिराग नाही ते बेचिराख.
खात्याची भाषा इतकी कोरडी, की तिच्यात चुकून
कविता सांडली तरी कुणी पुसत नाही.

दरवाजाशी सोनजी भेटला. सतरा शेळ्या, एक करडू खांद्यावर.
आडनाव विचारलं. बागूल.
म्हटलं, म्हणजे इथले राजेही तुम्हीच आणि बागुलबुवाही तुम्हीच!
तो हसला नाही. करडाचे कान सारखे करत म्हणाला,
"राजा व्हतात त्या कनोजना. आम्ही आठलाच."

बाजारपेठेत दोन्ही हातांना जोती,
गिऱ्हाइकांनी बसून बसून गुळगुळीत केलेले ओटे.
रोव्हर उभा केला. अक्षांश आले, रेखांश आले,
आणखी कुणी आलं नाही.

गोष्ट मला तिघांकडून मिळाली.
वेढ्याच्या रात्री सगळं गाव भुयारातून उतरलं,
एक राजपुतीण तेवढी मागे राहिली,
कोनाड्यात दिवा जागवत,
म्हणजे खालच्या फौजेला वाटावं गाव भरलेलं आहे.
फौज तीन दिवस थांबली.
पुढे, सोनजी सांगतो तेव्हा ती विहिरीत जाते,
फाट्यावरचा चहावाला सांगतो तेव्हा भिंतीत,
आणि सहल घेऊन येणाऱ्या गुरुजींच्या गोष्टीत
ती चक्क जिंकते.
दिवा मात्र तिन्हीत तसाच. तो अजून दिसतो म्हणे.

बारा उंबऱ्यांखाली ताजे खड्डे.
लिंबं, हळद, काळ्या बाहुलीचा एक पाय, बिअरच्या बाटल्या.
उंबऱ्याखाली सोनं असतं असं ज्याला वाटतं
त्याच्या घराला उंबरा नसावा.
"आता नही येतस," सोनजी म्हणाला.
का ते मी विचारलं नाही. पॉइंट नंबर तेहतीस लावायचा होता.

दुपारी त्याने आगपेटी मागितली.
मी दिली, वर एक बिडीही पुढे केली.
"बिडी नही पेस मी."
आणि आगपेटी बंडीच्या खिशात गेली.

महालात छप्पर नाही, तरी वटवाघळांचा वास आहे.
जिन्याच्या सात पायऱ्या वर चढतात
आणि आठवी आभाळात असल्यासारख्या थांबतात.
एका कोनाड्यात काजळी. बोट लावलं. बोट काळं झालं.
शेकडो वर्षांची काजळी अशी बोटाला येत नाही,
एवढं विज्ञान मलाही कळतं.
पॉइंट एकेचाळीस. रुमालाला बोट पुसलं आणि उतरलो.

खाली बाभळीजवळ जीपची वाट बघताना अंधार पडला,
डोंगराच्या बाजूने आधी, मग माझ्या बाजूने.
शेळ्या शेजारी. सोनजी शेजारी.
हे मी नीट नोंदवून ठेवतो: शेजारीच, हाताच्या अंतरावर.
आणि वर, एकेचाळीसच्या जागी,
पिवळा ठिपका. विजेच्या दिव्यासारखा स्थिर नाही,
तारेसारखा थंडही नाही.

त्याने माझी बाही धरली. "देखा. लागना."
आवाजात भीती होती. किंवा
कुणीतरी वेळेवर घरी पोचल्यावर येतो तो सुस्कारा.
मी म्हटलं, सोनजी, माझी आगपेटी?
त्याने खिशातून काढून दिली. लगेच.
त्याची बोटं मला अंधारात दिसली नाहीत.

आता कचेरीत फॉर्म पुढ्यात आहे.
घरे: निरंक. लोकसंख्या: निरंक. विहिरी: एक, बुजलेली.
दिव्यांचा रकाना नाही.
शेरा जुनाच कायम करावा, असं साहेब म्हणतात,
आणि सही राहिली आहे.

आगपेटी टेबलाच्या खणात पडून आहे.
बांधाचा वीतभर फरक पकडणारा मी,
अजून काड्या मोजलेल्या नाहीत.