अर्थिंग

नाना पेठेत शफीक आतारच्या दुकानासमोर
अर्धी फुटपाथवर, अर्धी रस्त्यात
उभी आमची मॅटाडोर, सन त्र्याऐंशी.
डॅशबोर्डला टेपची खाचच नाही.
"कंपनीनं दिली नव्हती, का तुम्ही बुजवली?"
दिली नव्हती. लागलीही नाही कधी.
मागे अकरा माणसं बसायची,
मांडीवर क्लॅरिनेट, पायात ढोल,
आणि फ्रान्सिस कायम दाराशी,
कारण तो आत मावायचा, त्याचं युफोनियम नाही.
अशा गाडीत टेप कोण लावणार?
परतताना तर सगळ्यांना फक्त गप्प बसायचं असायचं.

बँड बंद झाला. गाडी आता प्री-वेडिंगला जाते.
दारात बसून पाय सोडतात जोडपी,
फोटो जुन्यासारखे दिसावेत म्हणून.
मागच्या पार्टीनं विचारलं, ब्लूटूथ आहे ना?
नाही म्हटल्यावर दीड हजार कापले.

म्हणून हा सात इंची काचेचा तुकडा.
सोहेल ग्राइंडर लावतो, पत्रा किंचाळतो,
समोरचा स्पेअर पार्टवाला शटर अर्धं ओढून घेतो.
नव्याच्या वायरी शाळेतल्या पोरांसारख्या,
गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या:
पिवळी बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची.
जुन्या सगळ्या एकाच रंगाच्या, चहाच्या.
एका फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.
"हे कुणाचं काम?"
मी बोलत नाही. मास्तर सिगारेट ओढत नव्हते
असं आमच्या घरी ठरलेलं आहे.

एक वायर कुठेच जात नव्हती.
शफीकनं ती मॅटखालून, सीटखालून, गुडघ्यांवर रांगत
पार मागच्या टपापर्यंत नेली. तिथं एक होल्डर.
या उजेडात मास्तर वाटणी करायचे,
ओवाळणीच्या नोटा, घामानं चिकटलेल्या,
एकेक सोलून.
"कापू का? फुकटचा लोड."
राहू दे म्हणालो.
त्यानं पुढे विचारलं नाही,
सोहेलला बल्ब आणायला पिटाळलं.

पहिला आवाज निघाला तो वाकडच्या टू बीएचकेचा,
ताबा दिवाळीत.
दाराचा पत्रा थरथरला, आरसा हलला.
पण रेस दिली की खालून एक शिट्टी,
इंजिनासोबत चढणारी, उतरणारी,
सूर न सापडलेल्या नवशिक्यासारखी.
"अर्थ लागत नाही," शफीक म्हणाला.
मला वाटलं, जाहिरातीचा.
तो रंग खरवडायला लागला होता.
पांढरा गेला. निळा निघाला.
निळ्याखाली लाल, लालात अर्धा 'ल':
गुलमोहर ब्रास बँड, रास्ता पेठ.
मी हात पुढे केला, तोवर पॉलिशपेपर फिरला होता
आणि खाली चकचकीत, बिननावाचा पत्रा.
काळी वायर त्यावर आवळली.
शिट्टी थांबली.

राहिली पिवळी.
"ही लावली तर याला सगळं लक्षात राहील,
वेळ, स्टेशन, तुमचा फोन.
पण लक्षात ठेवायचं म्हणजे
थोडा करंट रोज जातो, गाडी उभी असली तरी.
तुमची बॅटरी म्हातारी."
मग नवी घ्यावी?
साडेपाच हजार.
पिवळी लालला जोडून टेप मारली.

आता चावी काढली की तो सगळं विसरतो.
चावी लावली की बारा वाजलेले,
आणि मी पहिल्यांदाच भेटतोय असा नमस्कार.
काही दिवस वेळ लावून पाहिली. मग सोडलं.

परवा मुळशीहून शूट आटपून येताना
स्टिरिओत बारा वाजून चाळीस,
बाहेर साडेदहा असावेत.
चांदणी चौकाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली,
आवाज बंद केला, मागचा दिवा लावला,
कॅमेऱ्याच्या पोरांचे पैसे मोजले.
एकाला शंभर कमी पडले.
उद्या पाठवतो म्हटलं.
तो नोटांकडेच बघत होता,
बल्ब हलत होता म्हणून
पुन्हा मोजत होता.