सदतीस

आमच्या शाळेच्या अंगणात खडूची तीन घरं:
शतक, दशक, एकक.
रोज मी आखते, रोज शिपाई धुऊन काढतो.
बाई, हे इंदूर आहे, म्हणतो,
इथे खडूचाही डाग राहत नाही.

शीतलामाता बाजारातल्या साड्यांची खोकी कापून
पुठ्ठ्यांवर आकडे काढलेत. सुतळी ओवून गळ्यात.
शून्य कोणालाच नको असतं.
ते मयंक बोरासीला मिळालं, कारण तो उशिरा आला.

तीन, शून्य, पाच. उभे राहिले आपापल्या घरात.
तीनशे पाच! वर्ग ओरडला.
तेवढ्यात मयंकला तहान लागली, गेला नळावर.
मधलं घर रिकामं झालं, तीन एक घर खाली सरकला.
पस्तीस.
गेले की रे दोनशे सत्तर, मी म्हटलं, एका घोटात!
तसा ओल्या तोंडाने पळत आला
आणि मधे उभा राहिला छाती काढून,
काहीही नसण्याच्या तोऱ्यात.

भागाकार मात्र धावून करायचा.
मी शिट्टी वाजवते, एक आकडा सांगते,
तेवढ्या-तेवढ्यांचे घोळके करायचे.
पटावर सदतीस. हट्टी आकडा.
दोन सांगा, तीन सांगा, चार सांगा, सहा,
एक कोणीतरी उरतंच.

आणि उरायची ती यामिनी चौथाईवाले,
खरगोनहून आलेली, आडनावातच भागाकार घेऊन.
चिंचेखाली एकटी, फ्रॉकचा पट्टा चघळत.
भिया, ये तो फिर बच गई, कोणीतरी म्हणालं.
मी फळ्यावर लिहिलं: बाकी एक.
वीस वर्षं लिहितेय हा शब्द.
त्या रात्री दुधाचा हिशेब करताना
कॅलेंडरवर तोच लिहायला गेले
आणि पेन थांबलं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम म्हटलं, पाच-पाच!
सात घोळके, आणि उरले दोघं: यामिनी आणि मयंक.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.
पण नवा नियम केला मी:
जो उरेल, खडू त्याच्या हातात,
फळ्यावर उत्तर तोच मांडणार.

झालं. घोळके होईचनात.
शिट्टी वाजली की सगळे चिंचेकडे!
फरदीन तर झाडावरच चढला,
म्हणे, मैं बाकी हूँ, मुझे कोई मत पकड़ो.
शेजारच्या वर्गातून केळकरबाईंनी डोकावून विचारलं,
गणित चाललंय ना?
मी म्हटलं, हो. अंगावर आलंय जरा.

यामिनी तेव्हा पायरीवर बसली होती,
पाटीवर काहीतरी मांडत, खोडत.
थुंकी लावून पुसायची, पुन्हा मांडायची.
मग माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली,
बाई, सगळे आकडे करून पाहिले. एक तरी उरतोच.
म्हटलं, मग?
बाई, सदतीस सांगा ना.

मी शिट्टी वाजवली. सदतीस-सदतीस!
क्षणभर कोणाला कळेना.
मग मयंक धावला, त्याच्यामागे फरदीन फांदीवरून उडी मारून,
आणि अंगणाच्या मधोमध
एकच मोठा, घामेजलेला, ढकलाढकलीचा गोळा झाला,
कोणाची वेणी कोणाच्या मुठीत,
शून्याचा पुठ्ठा कोणाच्या तरी पाठीवर.
आखलेली घरं पायांखाली पुसून गेली,
शिपाई लांबून बघत राहिला, बादली हातात.

खडू कोणाला द्यायचा, मी विचारलं,
उरलंच नाही कोणी.
यामिनी गोळ्यातून कशीबशी बाहेर आली,
माझ्या हातातला खडू घेतला,
फळ्यावर भागाकार एक मांडला, नीट, रेघ ओढून.
खाली लिहिलं: बाकी.
थांबली. मागे वळून पाहिलं.
पायरीवर, शिट्टी गळ्यात, मी एकटीच उभी होते.

तिने लिहिलं: बाई.