पापणीवाली

दोन दिवस ठेवा काका, म्हणाला,
आणि काउंटरवर सरकवला बिर्याणीचा प्लॅस्टिकचा डबा,
झाकणाला सुईनं पाडलेली भोकं.
कालिन्याचा एल्रॉय. त्याच्या आजोबांचं एचएमटी
अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये, बॅलन्स तुटलेलं.
डब्यावर चिठ्ठी: लेपर्ड, मादी.
सोबत एक उबेचा दिवा.
आज सतरावा दिवस. फोन बंद.

मी घड्याळजी. चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही.
डायलवर स्विस लिहिलेली किती यंत्रं उघडली,
आत उल्हासनगर.
डोळ्याला भिंग लावलं.

आधी डोळे. पापण्या आहेत.
आमच्या ट्यूबलाइटमागचीला नाहीत,
ती बिचारी झोपेतही टक्क उघडी.
ही मिटते. उघडते. मधेच एकच मिटते,
उधारी विसरलेल्या गिऱ्हाइकासारखी.
मग बोटं. खाली गादी नाही, नुसती नखं.
म्हणजे भिंत हिच्या नशिबात नाही.
इथवर चिठ्ठी खरी.

पण लेपर्डचा डोळा चंदेरी असतो म्हणे,
हिचा तांबडा,
विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाचा.
पाय काडीचे. अंग ओल्या पाटीसारखं काळपट,
त्यावर हळदीचे आडवे पट्टे.
वाचनालयातल्या जाड पुस्तकात लिहिलंय:
पुढच्या-मागच्या पायांच्या मधले पट्टे मोजा.
मोजले. दोन.
आणि एक पुसटसा, ज्याला मी रात्री तिसरा म्हणालो
आणि सकाळी डाग.
शेपटीवरून कळलं असतं, पण ती दुसऱ्यांदा उगवलेली,
करडी, बिननक्षीची, बदललेल्या पट्ट्यासारखी,
कंपनीची नाही.
पहिली कुणाच्या मुठीत ठेवून आली असेल?

चुनखडीच्या गुहेतली. चीनच्या दक्षिण टोकाची,
नाहीतर त्याखालच्या बेटावरची.
हिला हवं गार, ओलं, अंधारं.
आणि मी चार दिवस दिवा लावून
बाईला शेकत होतो.

शिवडीत, मे महिन्यात, अडीचशे चौरस फुटांत
गार ओलं अंधारं शोधा.
कुंदा म्हणाली, मोरी.
तीच कुंदा, जी भिंतीवरचीमागे
केरसुणी घेऊन स्टुलावर चढते.
दुकानातलं लेडीज घड्याळांचं काचेचं कपाट आडवं केलं,
तळाला नारळाचा भुसा,
फरशीचे तुकडे एकावर एक, मधे फट,
एक करवंटी उपडी, कड घासून.
थर्मामीटर: एकतीस.
कुंदानं कपाटावर ओली गोणी टाकली. सत्तावीस.
रात्री उठून पुन्हा भिजवली. पंचवीस.
आम्ही दोघं घामानं निथळत वाचत होतो तो आकडा.

घरची झुरळं नकोत, त्यांच्यावर औषध मारलंय.
परळहून रातकिडे आणले, डबीतले.
पहिले तीन दिवस खाल्ले नाहीत तिनं,
नुसते रडत राहिले ते, आमच्या वतीनं.
चौथ्या रात्री एक आवाज कमी झाला.

तांडेल काकू पंचांग घेऊन आल्या,
कुठल्या खांद्यावर पडली की काय फळ.
म्हटलं, काकू, ही पडत नाही. चढतच नाही.
मग हिचं फळ?
अजून छापलेलं नाही.

बिल नव्हतं.
कुठल्या गुहेतून, कुणाच्या पायमोज्यात गुंडाळून,
विमानाच्या कुठल्या पोटातून,
विचारायला एल्रॉय नाही.
शंकेची पाल चुकचुकते म्हणतात.
ही आवाज करत नाही.
शंका माझी मलाच करावी लागते.
तेवढ्यात ट्यूबलाइटमागची चुकचुकली,
कुंदानं काचेवर बोट आपटलं, कृष्ण कृष्ण,
आणि आत तांबडा डोळा
हळूच मिटला.

काल रात्री कात टाकली.
टाकली आणि स्वतःच खाऊन घेतली, पुरावा न ठेवता.
फरशीच्या फटीत राहिला फक्त
एका बोटाचा मोजा, नखासकट, पारदर्शक.
चिमट्यानं उचलून
केसांएवढ्या स्प्रिंगांच्या डबीत ठेवला,
एचएमटीच्या शेजारी.
एल्रॉयची चिठ्ठी उलटी करून लिहिलं:
दोन पट्टे.
तिसरा उजेडात बघायचा आहे,
पण तिला उजेड चालत नाही.