शंभर नावं

आठ वर्षांनी अश्फाक पावसकरचा फोन आला.
आधी आईचं विचारलं,
मग तिच्या गुडघ्यांचं,
मग म्हणाला, शुक्रवारी चहाला ये रोल्याला,
गाडी पाठवतो.

शारजात कुणी कुणाला गाडी पाठवत नाही.
मी सकाळपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून बसलो.

चहा नव्हता. हॉल होता,
एसी असा की दात वाजावेत.
फळ्यावर एक गोल, त्याखाली सहा,
त्या सहांखाली सहा-सहा,
आणि टाय बांधलेला एक जण,
परवापर्यंत फुजैराच्या रस्त्यावर डांबर ओतणारा म्हणे,
विचारत होता : तुमचं स्वप्न काय?
मागून कुणी ओरडलं, मुलीचं लग्न.
मी म्हणालो, घरावर स्लॅब.
आयुष्यात पहिल्यांदा
माझ्या स्लॅबला टाळ्या पडल्या.
त्या टाळ्या खऱ्या होत्या. एवढं आजही कबूल करतो.

मी टाइमकीपर.
पहाटे चारला कॅम्पच्या फाटकाशी
माणसं मोजायची, साठ झाली की बस सोडायची.
एकोणीस वर्षं.
बोटं आपसूक चालू झाली.
सहा. छत्तीस. दोनशे सोळा.
सहाव्या ओळीला शेहेचाळीस हजार सहाशे छप्पन्न,
भागिले साठ,
सातशे अठ्ठ्याहत्तर बसगाड्या.
कुठल्या फाटकाशी लागणार एवढ्या?
आणि शेवटच्या गाडीतला माणूस
पहाटे कुणाला उठवणार?

हिशेब बरोबर होता. तरी सही केली.
अश्फाकचा हात माझ्या खांद्यावर होता
आणि त्या खांद्यावर इतकी वर्षं
सिमेंटच्या धुळीशिवाय काही बसलं नव्हतं.

तीन पगार गेले, चुंबकाची गादी आली.
चार फुटी.
माझी खाट अडीच फुटी, त्यातही वरची.
गादी कपाटामागे उभी राहिली,
खोलीतला सातवा भाडेकरू,
सगळ्यांत निवांत.

मग कोरी वही दिली : शंभर नावं लिहा.
विचार करू नका, लिहा.

सलीमुद्दीन, कॅन्टीनवाला बंगाली,
वडिलांच्या वेळी ज्याने तिकीट काढून दिलं.
लीलम्मा सिस्टर, रात्रपाळीची,
जिने कार्ड न मागता टाके घातले.
तापात पेज आणणारा दत्ताराम घवाळी.
तेविसाव्या नावाशी पेन अडलं.
शंभर कुठली?
परमुलखात माणसाला तेवीस माणसं म्हणजे
डोक्यावरून पाणी.

आणि ही यादी मी आधीही केली होती.
खालच्या खाटेवरचा विलास आंब्रे झोपेतच गेला
त्या रात्री.
पेटी, विमान, कागदपत्रं,
कुणाकुणाकडे मागायचं?
हीच नावं. याच क्रमाने.
अक्षरही असंच, घाईचं.

तेव्हा उमगलं, गादी फुकटच होती.
किंमत या तेविसांची लावली होती.

वही गादीच्या मागे सारली.
अश्फाकचे फोन येत राहिले, मग येईनासे झाले.
कुणी म्हणे त्याच्या वरचा गोल कॅनडाला गेला,
कुणी म्हणे अश्फाकने बायकोच्या बांगड्या मोडल्या.
मी विचारलं नाही.
त्याच्या वहीत मी कितवा होतो
तेही विचारायचं राहिलं.

तेव्हापासून एक खोड लागली.
जुन्या ओळखीचा कुणी "कसा आहेस?" म्हणाला
की मी पुढच्या वाक्याची वाट बघतो,
पाकिटावर हात ठेवून.

काल त्याचं नाव स्क्रीनवर उजळलं.
मी वाजू दिला.
थोड्या वेळाने मेसेज :
आईचे गुडघे आता कसे आहेत?

आई जाऊन वर्ष झालं.
मी त्याला कळवलंच नव्हतं.

रात्रभर वरच्या खाटेवर पडून
ती एक ओळ पुन्हापुन्हा वाचतोय,
तिच्यात तो काय विकतोय
ते सापडत नाही.