मेढीची जागा

लाकूड नाही. आधीच सांगून ठेवतो.
लाकडाची जागा आहे.
पिवळट मातीत काळपट गोल,
काही भाकरीएवढे, एक परातीएवढा,
एकूण अकरा.
तेरच्या खालच्या अंगाला, तेरणेच्या वळणावर,
मैनुद्दीन पटेलांच्या हरभऱ्याच्या रानात
काळीमध्ये पांढरीची एक जीभ शिरली आहे,
तिथे.

माझं काम मोजायचं.
चार खुंट्या, दोरी, ओळंबा,
आलेखाच्या कागदावर एकास वीस.
गोल सापडायचे मात्र सोजरबाईला.
खुरप्याची पाठ आपटून म्हणायची,
"हितं माती निराळी बोलायली."
आम्ही वाकून ऐकायचो. आम्हाला सगळी सारखीच.

प्रत्येक गोल अर्धा कापायचा, अर्धा ठेवायचा.
कापलेल्या बाजूला उभा डाग दिसतो,
मेढ कुजत खाली गेली त्याचा,
आणि तिच्या जागी हळूहळू आत आलेलं
घर: राख, तांदळाचं जळकं टरफल,
उंदराचा दात.

आठव्या गोलात मात्र वीतभर खाली
रांजणाचा कान निघाला.
इथल्या कुंभाराची माती नव्हे ती,
सरांनी जिभेला लावून पाहिली.
मग दुपारभर फोन. समुद्र, गलबतं,
रोमचं मद्य, भडोचचा घाट,
बैलांच्या तांड्याला लागणारे दिवस.
शेजारी पट्टी ठेवून फोटो झाले.
कुणीतरी ढोकीहून पेढे आणले.

केरबा सुतार त्या दिवशी
चाळणीची चौकट दुरुस्त करायला आला होता.
खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला,
तंबाखू मळत बराच वेळ बघत राहिला.
"पाचर हाय," म्हणाला.
"मेढ डुलायली आसंल. हाताला घावलं ते ठोकलं."
आणि मग नवव्या गोलाकडे बोट,
आठव्याला खेटून, तिरका, मागाहून खणलेला:
"नाय टिकली. टेकू द्यावा लागला बगा."
एवढं बोलून तो चाळणीकडे गेला.

रात्री मी आठवा आणि नववा पुन्हा काढले.
गलबत बुडालं नाही, तांडा लुटला गेला नाही,
कुणाचं तरी मद्य पिऊन झालं,
रांजण फुटला, कान उकिरड्यावर पडला,
आणि या रानातल्या एका माणसाला
वाऱ्याच्या रात्री, घरात कुणीतरी
तिसऱ्यांदा सांगितल्यावर,
तो आठवला.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
इथे वासे केव्हाच मातीला मिळाले,
भोकं तेवढी जागची हलली नाहीत.

पेरणीच्या आत बुजवून द्यायचं, अशी बोली होती.
शेवटच्या दिवशी पटेल आले. विचारलं,
"दार कुनीकडं व्हतं?"
तिसऱ्या-चौथ्यामधलं अंतर मी दाखवलं.
चारही बाजूंनी मोकळं रान,
कुठूनही आत जाता आलं असतं.
ते वळसा घालून तिथे गेले,
टोपी सावरत जरा वाकले,
आणि आत उतरले.
सोजरबाई पदर तोंडाला लावून हसत होती.
"चूल?" त्यांनी आतून विचारलं.
चूल सापडली नाही, असं मी म्हणालो.
"मग जेवायचं कुटं?"
याचं उत्तर अहवालात नाही.

खाली प्लास्टिक अंथरलं, वर माती लोटली.
कान पेटीत गेला, पेटीवर आकडा.

परवा पटेलांचा फोन. नांगर अडला म्हणे.
तुमची एक खुंटी राहिली रानात, बाभळीची,
केरबानं तासलेली, कोपऱ्यातली.
"उपटू का?"
मी कागद उलगडून बघत होतो,
कोणता कोपरा.
"हालत नाय पर," ते म्हणाले.